रागाचं पारणं

आमच्या फोरमनसाहेबांनी आषाढी एकादशीला राग सोडला आणि कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या भोंग्याला, परत धरला. मधल्या चार महिन्यांत आम्ही जे सोसलं ते त्यांच्या रागाच्या दिवसांतही कधी सोसलं नव्हतं. साहेबांचं नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं अजून चिंचवडात आहेत, आणि स्वभावानं ती आजोबांवर गेलीत असं ऐकतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरी तेव्हा आजची पिंपरी नव्हती. मुंबई रस्त्याच्या कडेनं पेरूच्या बागा, मागं ज्वारीची रानं आणि मधूनच उगवलेले दोन-चार कारखाने. त्यातला सगळ्यात लहान तो आमचा, शेतीच्या पंपांचा. पत्र्याची एक लांबलचक शेड, पन्नास-साठ माणसं, आणि भोंगा मात्र असा की मोशीच्या म्हशी दचकाव्यात. मी तिथं कारकून होतो, तोही कच्च्यावर. ड्रॉइंग इंग्रजीत असायची. त्यातलं माप मराठीत चिठ्ठीवर उतरवायचं आणि ती चिठ्ठी ज्या त्या मशीनच्या खिळ्याला अडकवायची, एवढंच माझं काम. वय तेवीस, छाती बत्तीस, आणि स्वभाव असा की मांजर आडवं गेलं तर मीच त्याची माफी मागायचो. तळेगावला माझं लग्न जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, नोकरी पक्की झाली की सुपारी फोडू. नोकरी पक्की करणं साहेबांच्या हातात होतं. म्हणजे माझं सगळं आयुष्यच तेव्हा साहेबांच्या हातात होतं म्हणा ना.

तर साहेबांचा राग. राग आला की ते आधी हातातला मायक्रोमीटर शेजारच्या माणसाला द्यायचे. ‘धर.’ मग चष्मा काढून दुसऱ्याच्या हातात. ‘तू हा धर.’ आणि मग डोक्यावरची टोपी काढून दाणकन जमिनीवर. महागाच्या वस्तू आधी सांभाळायच्या आणि मगच चिडायचं, असा तो शिस्तीचा संताप होता. नवीन माणसाला आम्ही पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचो, साहेबांनी चष्मा काढला की मागं सरक. पुढची पाच मिनिटं बापजाद्यांचा उद्धार. सहाव्या मिनिटाला टोपी झटकून डोक्यावर, चष्मा नाकावर, आणि ज्याला शिव्या घातल्या त्यालाच, ‘चल रे, चहा घे.’ दोन पेले यायचे, एक त्याला, एक ह्यांना. विषय संपला. पुन्हा त्या गोष्टीचं नाव नाही.

हे असं बरं चाललं होतं हो. पण ज्येष्ठात त्यांचा जावई आला आणि त्यानं सायकल दारात आडवी लावली. एवढंच निमित्त. घरात मायक्रोमीटर नव्हता म्हणून साहेबांनी नुसता चष्मा काढला. जावई भरल्या ताटावरून उठून गेला. साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही आणि तिसऱ्या दिवशी साहेबांना दंडाला धरून नदीकाठच्या देवळात प्रवचनाला नेलं.

तिथं एक बुवा आले होते. चातुर्मास तोंडावर, जो तो काहीतरी सोडायच्या बेतात. कुणी वांगं सोडतंय, कुणी कांदा, कुणी ताट सोडून पानावर जेवतंय. बुवा म्हणाले, ‘अहो, वांग्यानं कुणाचं काय वाईट केलंय? सोडायचंच तर आतलं काहीतरी सोडा. एक दोष सोडा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन वांगंच सोडलं. साहेब मात्र उठून उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, ‘मी राग सोडला.’

माणूस यंत्रातला. त्याला सगळं मापात लागायचं. त्यांनी बुवांना तिथल्या तिथं विचारलं, ‘कधीपर्यंत?’ बुवा म्हणाले, ‘कार्तिकीपर्यंत नेम.’ ‘चुकून तोंडाला लागला तर?’ ‘तर दुसऱ्या दिवशी उपास.’ ‘आणि नेम संपल्यावर?’ बुवांना वाटलं, थट्टा चाललीय. ते हसत म्हणाले, ‘संपल्यावर काय, जे सोडलं त्याचं पारणं करायचं!’ साहेबांनी ह्यातला शब्दन् शब्द मनात ठेवला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. ‘बाळ, इकडे ये हो.’ मी मागं वळून पाहिलं, माझ्यामागं एखादं मूल आलंय का ते. मोशीचा एक पैलवान आमच्याकडे ओतारी होता. त्याच्या हातून साचा फुटला, तेव्हा साहेब त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, ‘असू दे हो बाळ, माणूस आहे, चुकायचंच.’ तो सहा फुटी गडी माझ्याकडे पांढराफटक होऊन आला. म्हणाला, ‘भाऊ, सायबांस्नी सांग, शिव्या द्या, पन बाळ म्हनू नगा. पोटात गोळा येतोय.’

पहिला आठवडा उपासातच गेला. सोमवारी चिडले की मंगळवारी उपास. आता उपाशी माणूस चिडतो हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे मंगळवारी उपासानं चिडायचे, म्हणून बुधवारी उपास. बुधवारच्या उपासाचा राग गुरुवारी. पट्टा दोन भोकं आत गेला. मग त्यांनी एक युक्ती काढली. त्यांच्या खांद्यावर घाम पुसायला कायम एक पंचा असे. राग आला की खायचा नाही, प्रवासाची शिदोरी बांधतात तसा बांधून ठेवायचा. पंचाला एक गाठ मारायची, ‘असू दे हो बाळ’ म्हणायचं आणि पुढं चालायचं. उपास सुटले. नागपंचमीपर्यंत पंचाचं एक टोक संपलं. गौरी-गणपतीत तो पंचा राहिला नाही, दोरखंड झाला. घाम पुसायला साहेब कोटाची बाही वापरू लागले.

लोकांना काय, सुगीच आली. गेटवरचा वॉचमन दुपारी घोरायला लागला. ओतशाळेत विड्यांचा धूर. आठच्या भोंग्याला येणारे साडेआठला यायचे आणि ‘बाळ’ म्हणवून घेऊन हसत आत जायचे. मी त्या वर्षी काय सोडलं होतं माहीत आहे? पडवळ. लहानपणापासून मला पडवळाची ओकारी यायची. वर श्रावणातले सोमवार धरले होते, तळेगावच्या मुलीसाठी.

त्यातल्याच दुसऱ्या सोमवारची गोष्ट. आमचे टर्नर चाचा. चाकणचे, कैक पिढ्या तिथलेच. वय साठीच्या आसपास, लेथवर हात असा की मायक्रोमीटरनं मोजायला साहेबांना लाज वाटावी. सगळ्या शेडमध्ये साहेब ज्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे असे ते एकटेच. चाचांना अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. त्या दिवशी अठरा शाफ्ट करायचे होते. ड्रॉइंगवर माप होतं एक इंच पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी सकाळपासून उपाशी, डोळ्यांपुढं संध्याकाळची साबुदाण्याची खिचडी. चिठ्ठीवर लिहिलं, एक इंच तीन सूत. आणि खिळ्याला अडकवून आलो.

दुपारी अठराच्या अठरा शाफ्ट तयार. लोखंड जाड राहिलं तर कमी करता येतं, कमी झालेलं काही परत चिकटवता येत नाही. साहेबांनी मायक्रोमीटर लावला. एकदा, दोनदा, तीनदा. नेहमीसारखं ‘धर’ म्हणायला तोंड उघडलं, पण मिटलं. मग त्यांनी पंचाला अशी करकचून गाठ मारली की बोटांची नखं पांढरी झाली. म्हणाले, ‘असू दे हो, चाचा.’ चाचा म्हणाले, ‘काय झालं सायेब?’ पण साहेब निघून गेले होते. विचारलं तर राग आला असता ना.

मी चिठ्ठी पाहिली, तीन सूत, माझ्याच अक्षरात. आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. सांगता आलं असतं की. पण कच्ची नोकरी, तळेगाव, अठरा शाफ्ट. सुटायच्या वेळी सगळे हातपाय धूत असताना मी खिळ्यावरून ती चिठ्ठी काढली, गेटबाहेरच्या चहावाल्याकडे गेलो आणि विडी पेटवायच्या निमित्तानं त्याच्या शेगडीत घातली. मी विडी ओढतही नव्हतो. घरी जाऊन खिचडी खाल्ली, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली, हे सांगायलाही आज लाज वाटते.

कार्तिकी उजाडली, गेली. द्वादशीला साहेब सकाळीच अंघोळ, पूजा, पारणं सगळं आटोपून, कपाळाला गंध लावून आले. आठचा भोंगा झाला. साहेबांनी गेटवर पंचाची पहिली गाठ सोडली.

‘तू! इथं स्टुलावर घोरत होतास!’

वॉचमन खाडकन उभा राहिला. ‘आत्ता? न्हाई सायेब, जागा हाय की.’

‘आत्ता नाही रे! आषाढात! वद्य चतुर्थीला!’ आणि टोपी जमिनीवर.

तशी समोर येईल त्याची गाठ सोडत ते आत येऊ लागले. प्रत्येक गाठ कुणाची, कुठल्या तिथीची, सगळं पाठ. पैलवानाला भाद्रपदातल्या विडीबद्दल झापलं. तो बिचारा दसऱ्याला विडी सोडून बसला होता. एकाला गोकुळाष्टमीच्या उशिराबद्दल. त्याला काही आठवेना, तर साहेब आणखी चिडले, की मी चार महिने सांभाळलं आणि ह्यानं विसरून टाकलं! लोक आधी घाबरले, मग हसायला लागले, तोंडं फिरवून. मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभा राहून घटका मोजत होतो.

मग ती करकचलेली गाठ आली. ती बोटांनी सुटेना, साहेबांनी दातांनी सोडली. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. ‘धर.’ चष्मा पैलवानाच्या.

‘अठरा शाफ्ट, चाचा! अठरा! पाच सूत सांगितलेलं, तुम्ही तीन केलंत! डोळे कुठं होते?’

चाचांनी लेथ थांबवला. ‘सायेब, चिठ्ठीत जे व्हतं त्येच केलं. इंच आन् तीन सूत.’

‘चिठ्ठी दाखवा.’

खिळ्याला आषाढापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. तेवढी नव्हती. चाचांनी दोनदा चाळल्या. साहेब माझ्याकडे वळले. ‘तू काय लिहिलं होतंस?’

हातात मायक्रोमीटर घट्ट धरून मी म्हणालो, ‘पाच, साहेब.’

‘खोटारडा!’ साहेब चाचांवर ओरडले. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणून ओरडले. ‘चूक केलीस ती केलीस, वर ह्या वयात खोटं बोलतोस?’

शेडमधलं हसू बंद झालं. चाचांनी लेथ फडक्यानं पुसला, तेलाचा हात फिरवला. स्वतःचं माप घ्यायचं कॅलिपर कापडात गुंडाळून खिशात घातलं. म्हणाले, ‘राग कराचा तर करा सायेब. मी कदी न्हाई म्हनलो न्हाई. पन खोटं न्हाई बोललो.’ आणि गेले. कुणी काढलं नव्हतं त्यांना. सहाव्या मिनिटाला चहाचे दोन पेले आले. एक साहेबांनी घेतला, दुसरा लेथवर ठेवायला सांगितला. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता.

अहो, त्या सोमवारी तिथल्या तिथं ओरडले असते तर चिठ्ठी खिळ्यालाच होती! पाच मिनिटांत सगळं उलगडलं असतं, टोपी माझ्यासाठी आपटली गेली असती आणि चहाही मला मिळाला असता. पण साधना चालली होती ना.

मार्गशीर्षात माझी नोकरी पक्की झाली. माघात लग्न झालं. चाचांनी चिंचवड स्टेशनच्या फाटकाशी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. साहेबांना काहीतरी खुपत होतं. लेथवर बसवलेल्या नव्या माणसाकडून माप सुटायचं, आणि साहेब त्याच्यावर नीटसे चिडूही शकत नव्हते. ते बुवांकडे गेले. बुवा म्हणाले, ‘हा रागाचा दोष नव्हे, अहंकाराचा. पुढच्या चातुर्मासात तो सोडा.’ बुवांचं एक होतं, त्यांच्याकडे पुढच्या वर्षाचं काम कायम तयार असायचं.

पुढच्या आषाढीला साहेबांनी अहंकार सोडला. तोही भर सभेत, उभं राहून, मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची बाहेर काढली आणि एका उलट्या पिंपावर बसू लागले. पिंप खुर्चीपेक्षा हातभर उंच होतं, त्यामुळे नम्र झाल्यावर ते सगळ्या शेडमधून दिसायला लागले. दिसेल त्याच्या पाया पडायचे. झाडूवाला, वॉचमन, माल घेऊन आलेला ट्रकवाला. एकदा बुवाच शेडमध्ये आले. कोण आधी वाकतो अशी चढाओढ लागून दोघांची डोकी एकमेकांवर अशी आपटली की बुवांना पाणी पाजावं लागलं. साहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘मी अत्यंत क्षुद्र माणूस आहे.’ लोक म्हणायचे, ‘छे छे साहेब, असं कसं!’ पैलवान सरळ गडी. तो एकदा म्हणाला, ‘व्हय सायेब.’ साहेब गर्रकन वळले. ‘व्हय म्हणजे? काय म्हणायचंय तुला?’

एवढ्या पायांवर हा माणूस पडला, पण एका दुकानापुढं जायला तयार नाही. साहेबांचा कामावर यायचा सरळ रस्ता फाटकावरून होता. चाचांचं दुकान झाल्यापासून त्यांनी तो सोडला. ऐन पावसाळ्यात पेरूच्या बागांमागून, बांधाबांधानं, सायकल खांद्यावर घेऊन यायचे. अहंकार सोडलेला माणूस रोज मैलभर चिखल तुडवत होता.

श्रावणातल्या एका रविवारी ड्रॉइंग घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. साहेब चिखलाचे बूट घासत बसलेले. काकूंच्या सहनशक्तीचा तो शेवटचा दिवस असावा. माझ्यासमोरच बोलल्या.

‘मी दर चातुर्मासात वांगं सोडते. का सोडते, माहिताय? मला वांगं आवडतच नाही. तुम्हाला भरलं वांगं करून घालते, मला सोडायला काय जातंय? तुमचं हे पाया पडणं तसलंच आहे. जिथं काही जात नाही तिथं वाकताय. फाटकाशी बसलाय तो माणूस, त्याच्यापुढं एकदा वाका. मग मी मानीन.’

साहेब बूट घासत राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘आणि तू रे? तू काय सोडलंस ह्या वर्षी?’

मी म्हणालो, ‘पडवळ.’

‘आवडतं?’

मी नाही म्हणून मान हलवली. काकू हसल्या आणि आत गेल्या. मला त्या हसण्यानं घाम फुटला, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि तरी त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

कार्तिकी एकादशीला, पाचचा भोंगा झाल्यावर, साहेब माझ्या टेबलापाशी आले. ‘चल, फाटकापर्यंत जाऊ.’ त्यांच्या खांद्यावर पंचा होता. वर्षभर कोरा असलेल्या त्या पंचाला एकच गाठ होती. ती कुणाची, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

चाचा उकिडवे बसून चाकाची आऊट काढत, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करत होते. आम्हाला पाहिलं, चाक फिरवत राहिले. साहेब म्हणाले, ‘हवा भरायची होती.’ चाचांनी हवा भरली. साहेब म्हणाले, ‘मागच्यातही.’ मागच्यातही भरली. मग ब्रेक बघायला सांगितला. मग घंटी. घंटी चांगली खणखणीत वाजत होती. चाचांनी ती उघडली, तेल सोडलं, बंद केली. दुकानाशी तीन-चार गिऱ्हाईकं उभी. पंचांगाप्रमाणे नेम उद्या सकाळी संपणार होता. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात पंचाकडे जात नव्हता.

‘चाचा,’ शेवटी ते म्हणाले, ‘माझं चुकलं.’ आणि वाकले. चार महिने शंभर जणांपुढं वाकलेला तो माणूस, पण त्या वेळी त्यांचे गुडघे मोडायलाच तयार नव्हते. मला बघवेना.

चाचांनी त्यांना खांद्याला धरून वरच्यावर थोपवलं. ‘पाय नगं सायेब. पाय धरून काय करू मी? येक सांगा. मी खोटं बोललो व्हतो का?’

‘नाही,’ साहेब म्हणाले. ‘तुम्ही खरं बोललात. चिठ्ठीत तीनच होतं.’

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तेवढंच मला दिसत होतं.

चाचांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, ‘तुमी आलात, तुमचं फिटलं. लई मोठं केलंत सायेब. पन कामावर मी येतो ते चिठ्ठी आल्यावर. ज्यानं नेली त्यानं आनू दे.’ आणि परत चाक फिरवायला लागले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. मीच विचारलं, ‘साहेब, तुम्हाला कधी कळलं?’

‘श्रावणात. चहावाल्याच्या पाया पडलो तेव्हा. तो बिचारा रडायलाच लागला. म्हणाला, साहेब, माझे पाय नका धरू, तुमच्या कारकुनानं माझ्या शेगडीत चिठ्ठी घातली ती मी पाहिली होती आणि बोललो नाही.’

‘मग मला का नाही बोललात? ह्या वर्षी राग सोडलेला नव्हता तुम्ही!’

‘टोपीला हात घातला होता. मग आठवलं, चिठ्ठी तू जाळलीस, पण चाचांना खोटारडा मी म्हटलं. माझं आधी फेडायला हवं होतं. त्यालाच तीन महिने लागले.’

मला रडू फुटलं. रस्त्यावर, सायकल धरून. म्हणालो, ‘आता ओरडा, साहेब. आपटा टोपी. काय वाट्टेल ते बोला.’

साहेब थांबले. चष्म्याला हात लावला. मला वाटलं, आला, एकदाचा आला. पण त्यांनी चष्मा नुसता वर सरकवला. ‘मी ओरडलो की तुला वाटेल, संपलं. चहा पिऊन मोकळा होशील. नाही.’ त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकला. ‘गाठ तुझी आहे. तूच सोड.’

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. सकाळी दौत-टाक तिनंच पुढं ठेवला. मी चिठ्ठी लिहिली. वर माप, एक इंच पाच सूत. खाली दोन ओळी.

द्वादशीला सकाळी सातला मी फाटकाशी गेलो. लोणावळ्याकडची गाडी नुकतीच आलेली, दुकानापुढं सायकली घ्यायला ही गर्दी. मी चिठ्ठी चाचांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली.

‘आकडा मला कळतो,’ ते म्हणाले. ‘पाच हाय. खाली काय लिवलंय ते वाच.’

मी पुटपुटत वाचलं.

‘मोठ्यानं. मला शेडमदी मोठ्यानं म्हनलं व्हतं.’

मी मोठ्यानं वाचलं. ‘आधीच्या चिठ्ठीत तीन सूत मी लिहिलं होतं. चिठ्ठी मी जाळली आणि खोटं मी बोललो.’

‘परत.’

परत वाचलं. लोक बघत होते. त्यात तळेगावचा माझा एक चुलत मेहुणा होता, हेही सांगून टाकतो. चाचांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि कापडातलं कॅलिपर बाहेर काढलं. ‘चल,’ म्हणाले. ‘लेथला गंज चढला आसंल.’

पुढच्या आषाढीला साहेबांनी कुठलाही दोष सोडला नाही. बुवांनी लोभ सुचवला होता, पण साहेब त्या वर्षी प्रवचनाला गेलेच नाहीत. त्यांनी वांगं सोडलं. भरलं वांगं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चार महिने ते वांग्यावाचून चिडत राहिले, आणि ज्याच्यावर चिडायचे त्याच्यावर तिथल्या तिथं, मायक्रोमीटर देऊन, चष्मा काढून. सहाव्या मिनिटाला चहा. काकूंनी मानलं.

चाचांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तिच्या पायात चांदीचे वाळे घातले. पण ते लेथवर होते तोपर्यंतची सगळी वर्षं, मी खिळ्याला चिठ्ठी अडकवायला गेलो की लेथ बंद करायचे. आकडा त्यांना दिसत असायचा, चांगला ठळक. तरी हात पुसत म्हणायचे, ‘वाच. मोठ्यानं.’ आणि मी वाचायचो.